चिपाडी

"समऱ्या, ह्यात स्टिअरिंग कुठाय?"

राजश्री देवार्डेने गाडीच्या दारातून आत डोकावून एवढ्या मोठ्यानं विचारलं, की कोल्हापूरच्या त्या चकचकीत शोरूममधली दोन-तीन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. तिथंच विक्रीला असलेल्या समरजितने आईचा दंड हलकेच धरला.

"आई, इथं समरजित म्हण. आणि स्टिअरिंग आहे. घडी होऊन डॅशबोर्डच्या आत गेलंय. लागलं तर बाहेर येतं."

"लागतं कधी?"

"लागत नाही," समरजित म्हणाला.

'ऐरावत' कंपनीची ही सगळ्यात स्वस्त गाडी. नावाप्रमाणेच हत्तीएवढी. किंमत एकवीस लाख, शिवाय ती स्वतः चालते म्हणून त्या चालण्याची दरमहा वर्गणी वेगळी. राजश्रीला हवी होती एक साधी, छोटी, हातानं चालवायची गाडी. गडहिंग्लजमधलं तिचं मोटार ट्रेनिंग स्कूल वीस वर्षं चालू होतं आणि त्याच्या दोन पेट्रोल गाड्यांची वयाची मुदत येत्या मार्चमध्ये संपत होती. नंतर त्या भंगारात.

"खालचं एखादं मॉडेल?"

"बंद झालं."

"त्याच्या खालचं?"

"आई, हेच खालचं."

छोट्या गाड्या कुणी हुकूम काढून बंद केल्या नव्हत्या. त्या हळूहळू विरून गेल्या. प्रत्येक नव्या गाडीला कॅमेरे आणि रडार सक्तीचे झाले; हत्तीला लागतात तेवढेच उंदरालाही. बॅटरीतलं लिथियम महाग होत गेलं. मग कंपन्यांना उमगलं, की आठ लहान गाड्या विकून जे मिळतं ते एका मोठ्या गाडीत मिळतं. लहान गाडी आधी जाहिरातीतून गेली, मग शोरूममधून आणि शेवटी लोकांच्या स्वप्नातूनसुद्धा. माणसं पुन्हा मोटारसायकलवर आली. टाकीवर थोरला, मध्ये धाकटा, मागे बायको आणि तिच्या मांडीवर पिशवी. फोनवरून बोलावायच्या गाड्या कोल्हापुरात दारापर्यंत यायच्या, पण गडहिंग्लजच्या पुढचे रस्ते त्यांच्या नकाशात नव्हतेच.

राजश्रीने त्या गाडीचा मऊ दरवाजा लावला. "ही शिकवायची कशी रे? हिला सगळं येतंय."

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसून होती. शाळा बंद करायची, एवढंच आता राहिलं असं तिला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या दारात तबस्सुम मुजावर उभी होती.

तबस्सुम राजश्रीकडेच गाडी शिकलेली. आता ती डॉक्टर होती. औषधांची नव्हे, पदार्थविज्ञानाची. बंगळुरूच्या प्रयोगशाळेतली नोकरी सोडून ती तीन वर्षांपूर्वी परत आली, आणि चित्रीकाठ सहकारी साखर कारखान्याच्या बंद पडलेल्या डिस्टिलरीत काहीतरी भाजत, दाबत, जोडत बसली, एवढंच गावाला ठाऊक होतं.

"काकी, मोकळ्या आहात? एक गाडी चालवून बघायची आहे."

"गाडी? आणि तुझ्याकडं?"

"गाडी म्हणजे... चला तर खरं."

डिस्टिलरीच्या शेडमध्ये काळपट रंगाची, बुटकी, चार दारांची एक वस्तू उभी होती. राजश्रीने सवयीने बॉनेट उघडलं. आत नुसती पोकळी. वाकून खाली बघितलं, तिथंही काही नाही.

"बॅटरी कुठाय हिची?"

तबस्सुम हसली. "तुम्ही आत्ता हातात धरलीय."

राजश्रीने बॉनेट पटकन सोडून दिलं.

"शॉक नाही लागत, काकी. बसा, सांगते. विजेच्या गाडीत सगळ्यात जड काय? बॅटरी. म्हणजे घोड्यानं आपलाच चारा पाठीवर बांधून चालायचं. चारा वाहायचा म्हणून घोडा थोराड पाहिजे, आणि घोडा थोराड म्हणून चारा जास्त. असं करत करत घोड्याचा ऐरावत होतो आणि किंमत आपल्या हाताबाहेर जाते. मी म्हटलं, चाऱ्याचाच घोडा केला तर?"

तिनं टेबलावरचा एक पत्रा राजश्रीच्या हातात दिला. ताटाएवढा, पण पापडासारखा हलका. राजश्रीने तो गुडघ्यावर टेकवून वाकवायचा प्रयत्न केला. हलला नाही.

"हे उसाचं चिपाड. हवा न लागू देता भट्टीत भाजलं की त्याचा काळा कार्बन होतो. त्याचे थर वेडेवाकडे असतात, मध्ये फटी राहतात. त्या फटींत सोडियम मावतं. लिथियमसाठी परदेशात जावं लागतं, सोडियम साध्या मिठात असतं. एका बाजूला हा कार्बन, दुसऱ्या बाजूला लोखंड आणि सोडियमचं संयुग, आणि मध्ये घट्ट राळेचा थर. राळेतून सोडियम ये-जा करतं, म्हणजे वीज साठते आणि सुटते. तिन्ही थर एकत्र दाबले की लोखंडासारखा मजबूत पत्रा होतो. त्याचीच दारं, त्याचंच छत, त्याचीच तळाची फळी. गाडीचं अंग हीच बॅटरी. आत पातळ काही नाही, त्यामुळं ठोकर बसली तरी पेट घेत नाही. तेवढा पत्रा बदलायचा."

"आणि हे सगळं आपल्या कारखान्यात?"

"साचा, दाबयंत्र आणि भट्टी. चिपाडाचा डोंगर तर मागं पडलाच आहे."

राजश्रीने चावी मागितली. तिनं कारखान्याच्या आवारात एक फेरी मारली, मग दुसरी, आणि मग न विचारताच फाटकातून बाहेर काढून थेट नेसरीच्या रस्त्याला लावली. तबस्सुम शेजारी दांडी धरून बसली होती. गाडीला आवाज नव्हता, पण जीव होता. पाय दाबला की ती उडी घ्यायची, सोडला की थबकायची. स्टिअरिंगमधून रस्त्याचा प्रत्येक खडा तळहाताला कळत होता. कितीतरी वर्षांत नवी गाडी अशी हाताशी बोलली नव्हती.

"तबस्सुम," राजश्री म्हणाली, "ही विकायची केवढ्याला?"

"चांगल्या मोटारसायकलीच्या किमतीत परवडेल."

राजश्रीने गाडी बाजूला घेऊन थांबवली. तिला थोडा वेळ रस्ता नीट दिसेना.

त्या दिवसापासून ती रोज दुपारी चाचण्यांना जाऊ लागली. ब्रेक कुठं कमी पडतो, वळणावर मागची बाजू कशी निसटते, बुटक्या बाईला समोरचं दिसतं का, हे ती सांगायची आणि तबस्सुम बदल करायची. सुरक्षेच्या चाचण्यांसाठी दोन गाड्या पुण्याला गेल्या. हातानं चालवायच्या हलक्या गाड्यांना रडारच्या सक्तीतून सूट मिळावी, असा अर्जही गेला आणि कागदोपत्री तो पुढं सरकत होता. गावानं टिंगलीनं नाव ठेवलं 'चिपाडी'. तबस्सुमला ते आवडलं. तिनं तेच बॉनेटवर रंगवून घेतलं.

श्रावणात एका रविवारी समरजित घरी आला तो पेढे घेऊन.

"आई, मला पुण्याला बढती मिळतेय. एक काम पूर्ण झालं की."

"कसलं काम?"

"ऐरावत तुमच्या पत्र्याचे हक्क विकत घेणार आहे. कारखान्याच्या चेअरमनशी बोलणं झालंय, वार्षिक सभेत ठराव येईल. कारखान्यानं पैसा घातलाय, म्हणजे हक्क कारखान्याचे. तू सभासद आहेस, शिवाय गाडी चालवतेस तू. तू हो म्हणालीस तर बायका बिनधास्त हात वर करतील."

राजश्रीच्या नवऱ्याच्या माघारी कारखान्याचा शेअर तिच्या नावावर झाला होता. इतक्या वर्षांत सभेला ती एकदाही गेली नव्हती.

"तुमची कंपनी चिपाडी बनवणार?"

समरजितने पेढ्यांच्या खोक्याचा दोरा बोटाला गुंडाळला. "संशोधन चालू ठेवणार, असं करारात आहे."

"म्हणजे कपाटात ठेवणार."

"आई, त्या पैशात कारखान्याचा बॉयलर नवा होईल. मागच्या वर्षी तो तीनदा बंद पडला, ऊस रानात वाळला. हे खोटं आहे? तू तुझी शाळा वाचवायला बघतेस. मीही माझं बघतोय. त्यात काय चुकलं?"

चुकलं काहीच नव्हतं, हीच अडचण होती. बॉयलरचं खरं होतं. बढतीचंही. राजश्रीने ताटं वाढली. सकाळी ती उठायच्या आत तो चहा न घेता निघून गेला होता. पेढ्यांचं खोकं ओट्यावर तसंच होतं. ती दिवसभर त्या खोक्याकडे बघून न बघितल्यासारखं करत होती.

संध्याकाळी तिनं तबस्सुमला विचारलं, "विकलं तर तुझं काय?"

"मला मोठी प्रयोगशाळा देतायत."

"मग?"

"काकी, मला प्रयोगशाळा होती की. ती सोडून मी इथं आले ते हे कपाटात ठेवायला?"

सप्टेंबरातली वार्षिक सभा. मंडप, लाउडस्पीकर, नाश्त्याची पाकिटं, आणि पुढच्या रांगांत चेअरमनची ठरलेली माणसं. साखर कारखान्याच्या सभेची रीत महाराष्ट्राला ठाऊक आहे: चेअरमन विषय वाचतो, पुढच्या रांगा 'मंजूर, मंजूर' ओरडतात, मागं कुणी 'नामंजूर' म्हणालं तर ते स्पीकरच्या आवाजात बुडतं, आणि चहा गार व्हायच्या आत सभा संपते. सहा विषय असेच गेले. चेअरमन बाळगोंडा देसाईंनी सातवा, ऐरावतला हक्क विकण्याचा, वाचायला घेतला आणि बायकांच्या बाजूनं आवाज आला.

"अण्णा, मला बोलायचंय."

माइक हातोहात मागं गेला. राजश्री तो घेऊन उभी राहिली. मंचाच्या कडेला ऐरावतचे साहेब बसले होते आणि त्यांच्या मागं टाय लावलेला समरजित. तो जमिनीकडे बघत होता.

"बॉयलर नवा पाहिजे, हे मला मान्य आहे," ती म्हणाली. "पण बॉयलर जुना होतो. दहा वर्षांनी परत लागेल. तेव्हा काय विकायचं? आपल्या चिपाडाची गाडी आपणच केली तर दरवर्षी पैसा येईल. आणि इथं बसलेल्या किती जणांच्या घरात चारचाकी आहे? हात वर करा बघू."

मोजके हात वर आले. मागून कुणीतरी ओरडलं, "चिपाडाची गाडी पावसात भिजली की लगदा होईल!" मंडप हसला.

देसाईही हसले. माणूस वाईट नव्हता, नुसता थकलेला होता. "वहिनी, तुमची तळमळ कळते. पण गाडी म्हणजे गाडी पाहिजे. चार माणसं घेऊन भैरीचा चढ चढंल का ही?"

कारखान्यामागच्या टेकडीवर भैरीचं देऊळ. तिथला चढ असा, की देवाला जाताना जोडीनं आलेली माणसं मोटारसायकलवरून उतरून चालायची.

"चढंल की," राजश्री म्हणाली. "तुम्ही बसा."

आता मंडपाला जाग आली. शिट्ट्या वाजल्या. देसाईंना नाही म्हणता येईना. धोतर सावरत ते पुढच्या सीटवर बसले तशी गाडी त्या बाजूला कलली. मागं तबस्सुम बसली. चौथं कोण? सगळे एकमेकांकडे बघू लागले.

"मी बसतो."

समरजित मंचावरून उतरून आला होता. त्याचे साहेब मागून काहीतरी म्हणाले, त्यानं वळून बघितलं नाही. "चार माणसं म्हणाले ना," एवढंच तो पुटपुटला आणि दार ओढून घेतलं.

पाऊस नुकताच थांबला होता. हवेत गारवा. पहिलं वळण चिपाडीनं सहज घेतलं. दुसऱ्यावर ती मंदावली. राजश्रीने पाय पूर्ण दाबला. गाडी अजून चार हात चढली आणि थांबली. खालून आरोळी उठली.

"वहिनी, उतरू का?" देसाईंनी मऊपणे विचारलं. त्या मऊपणानं राजश्रीच्या कानशिलांत रक्त चढलं.

तिनं गाडी उलटी खाली आणली. हुर्यो वाढला. "तबस्सुम, वीज संपली?"

"नाही हो, भरपूर आहे!" तबस्सुम छताला, दाराला हात लावून बघत होती. "गार पडलाय पत्रा. रात्रभर उघड्यावर भिजलीय. अण्णा, थंडीत काकवी कशी घट्ट होते? ओतली तरी डब्यातून येत नाही. तसंच राळेचं. गारठली की आतलं सोडियम सावकाश चालतं. वीज आहे, पण बाहेर यायला वेळ घेते. चढाला वेळ नसतो."

"मग काकवी गरम करायची," राजश्री म्हणाली. "कशानं होईल?"

"वीज झपाझप आत-बाहेर झाली तर पत्रा आतूनच तापतो. पळवली की बाहेर, ब्रेक दाबला की आत."

"असं होय! अण्णा, दांडी धरा."

आणि तिनं उसाच्या वजनकाट्याच्या मोकळ्या आवारात गाडी सोडली. पूर्ण वेग, कचकन ब्रेक. वळसा, पुन्हा वेग, पुन्हा ब्रेक. देसाईंची टोपी मागच्या सीटवर उडाली. "अहो वहिनी! अहो वहिनी!" त्यांच्या तोंडून दुसरं काही येईना. मंडपातली माणसं खुर्च्यांवर उभी राहिली. समरजितने पुढची सीट घट्ट पकडली होती. आई रोज गाडी शिकवायला जाते, हे तो लहानपणापासून बघत आला होता. पण तिला गाडी *चालवताना* त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. ती आरशात बघत होती, रस्त्याकडे बघत होती, चाकाखालच्या चिखलाचा अंदाज घेत होती, सगळं एकदम, आणि चेहरा मात्र देवाची आरती म्हणतानासारखा शांत.

"हात लावून बघ रे," ती म्हणाली.

त्यानं दाराला तळवा टेकवला. नुकत्याच टोपलीत टाकलेल्या भाकरीसारखं दार उबदार लागलं.

"आई, तापलीय!"

"मग चल!"

पहिलं वळण. दुसरं. जिथं थांबली होती ती जागा मागं पडली आणि तबस्सुमच्या तोंडून किंकाळीच निघाली. शेवटचा टप्पा भिंतीसारखा उभा. गाडीचा वेग उतरू लागला, तशी राजश्रीने ती सरळ न घालता रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत तिरपी तिरपी नेली. चाक एकदा घसरलं. तिनं ते जाणलं, क्षणभर पाय उचलला, चाकानं पुन्हा माती धरली. देसाई आता पुढं वाकून डॅशबोर्डला ढकलत होते. "चल गं, चल गं, चल माझे बाय!"

आणि चिपाडी देवळासमोरच्या फरशीवर जाऊन उभी राहिली.

मग देसाई उतरले, उघड्या डोक्यानं देवळाकडे गेले आणि त्यांनी घंटा वाजवली. एकदा नाही, घणघणघण वाजवतच राहिले. खालून मंडपाचा कल्लोळ वर आला, ओढ्याला लोंढा यावा तसा.

परत मंचावर आल्यावर देसाईंनी माइक घेतला. धाप अजून लागलेली होती. "चेअरमन म्हणून सातवा ठराव मी वाचला. सभासद म्हणून माझं मत सांगतो." त्यांनी मंडपावरून नजर फिरवली. "नामंजूर!"

त्यांच्याच पुढच्या रांगांना काय ओरडावं ते क्षणभर कळेना. मग अख्खा मंडप एका आवाजात ओरडला. बायकांच्या बाजूनं तर असा, की लाउडस्पीकर शिट्टी मारायला लागला. बॉयलरसाठी कर्ज काढायचं आणि चिपाडीचा कारखाना सभासदांनीच उभा करायचा, असा उपठराव तिथंच झाला. ऐरावतचे साहेब नाश्त्याचं पाकीट न घेता निघून गेले.

मंडपामागं समरजित टाय सोडत उभा होता.

"आई, नोकरी गेली बहुतेक."

"बहुतेक?"

त्यानं फोन दाखवला. "गेलीच."

राजश्रीने त्याच्या दंडाला धरलं. "चल, जेवून घे आधी."

त्याला हसू आलं. बऱ्याच महिन्यांनी.

मंजुरी यायला वर्ष गेलं. मधल्या काळात एक परवाना अडला, पत्र्यांची एक खेप सदोष निघून परत भट्टीत गेली, आणि बॉयलर एकदा बंद पडलाच. पण पुढच्या गळिताच्या हंगामात साखरेच्या पोत्यांशेजारून चिपाड्या बाहेर पडू लागल्या. विक्रीचं काम समरजितनं घेतलं. छोटी गाडी विकताना समोरच्याला पटवावं लागत नाही, फक्त रांगेत उभं करावं लागतं, असं तो सांगायचा. उत्तरेतल्या एका कारखान्यानं साचे मागितले, मग मराठवाड्यातल्या एकानं. तबस्सुमनं सगळ्यांना दिले. राजश्रीच्या शाळेत सकाळपासून गर्दी. तिनं आणखी दोन बायका शिकवायला घेतल्या, तरी पुरेना.

आणि मग एका रविवारी, आठवड्याच्या बाजारादिवशी, गडहिंग्लजमध्ये ते घडलं.

राजश्री एका निवृत्त पोस्टमास्तरांना शिकवत बाजाराच्या चौकात आली, तर चौक तुंबलेला. चारही बाजूंना चिपाड्याच चिपाड्या. लाल, पोपटी, हळदीच्या रंगाच्या. छतावर मेथीच्या जुड्या, खिडकीतून बाहेर आलेली लहान पोरं, मागच्या सीटवर बसून कौतुकानं बाहेर बघणाऱ्या म्हाताऱ्या. मध्यभागी एक ऐरावत सगळे दिवे लुकलुकवत गोंधळून उभा. आणि हॉर्न? एकही नाही. राजश्रीला आधी काही उमजेना. मग कळलं. 'आधी समोरच्याला जाऊ द्या,' हा तिचा पहिला धडा. चौकातला प्रत्येक जण तिच्याकडेच शिकलेला. म्हणून सगळेजण आपापल्या काचेतून हात दाखवत होते.

"तुम्ही जावा की!"

"छे छे, तुम्ही आधी!"

"नाही हो वहिनी, तुमच्या गाडीत बाळ आहे, तुम्ही निघा!"

आणि कुणीच निघत नव्हतं.

राजश्री उतरली. पदर खोचून चौकाच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि दोन्ही हात वर केले. "मंगला, तू आधी! सरळ, आरसा बघून! कुरणे, थांबा, तुमची पाळी नंतर! इकबालभाई, डावीकडं, डावीकडं!"

एकेक गाडी सुटू लागली. पुढून जाताना प्रत्येक जण काच खाली करून हसत होता. तेवढ्यात तिचा फोन वाजला. समरजित होता.

"आई, कुठं आहेस? शाळेच्या ऑफिसात लोक खोळंबलेत."

राजश्रीने चारही बाजूंना बघितलं. रांगा पार ओढ्याच्या पुलापर्यंत गेल्या होत्या.

"ट्रॅफिक जाम झालाय रे!" ती ओरडली. घरात लग्न निघालंय हे सांगावं, तसा तिचा आवाज होता. "आपल्या गडहिंग्लजमध्ये! येतोस का बघायला?"